बंदिवानाचे धैर्य

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16, वचने 16 ते 40



फिलिप्पै नगरातील तुरुंगाची कथा आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा वाचली जाते की, वाचणारा भूकंपाच्या वचनापर्यंत येण्यापूर्वीच ऐकणाऱ्यांच्या मनात भूकंप होऊन गेलेला असतो. त्यामुळे भूकंपापूर्वीच्या रात्रीकडे कोणी फारसे पाहत नाही. पौल व सीला ह्यांस मात्र पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. छड्यांनी त्यांची पाठ फुटली होती, पाय खोड्यात अडकविले होते आणि सकाळी सुटका होईल की शिरच्छेद, ह्याचा भरवसा नव्हता. तशा स्थितीत मध्यरात्री ते प्रार्थना करीत व गात होते, आणि इतर बंदिवान कान देऊन ऐकत होते. दारे अद्याप बंद होती. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते ह्या बंद दाराआडच्या वेळेविषयी. त्यासाठी फिलिप्पैच्या कथेबरोबर आमच्याच काळातील एका मराठी युद्धकैद्याची हकीकत आम्ही आपणांपुढे ठेवितो.

युद्धकैदी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्याने चोरी केलेली नसते, कोणाचा विश्वासघात केलेला नसतो. आपल्या देशाच्या आज्ञेने तो लढावयास गेला आणि शत्रूच्या हाती सापडला, एवढेच. असे बंदिवान आपल्या लोकांत पूर्वीही होऊन गेले. 1916 च्या एप्रिल महिन्यात मेसोपोटेमियातील कूत येथे उपासमारीने सैन्याला शरण जावे लागले, तेव्हा मराठा पलटणींचे शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले, आणि त्या सैन्यातील पुष्कळ जण वाळवंटातील वाटचालीतच मेले. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. ज्यांची हकीकत आम्ही सांगणार आहोत त्यांचे नाव मात्र ठाऊक आहे : दिलीप पारुळकर, भारतीय हवाई दलातील वैमानिक.

हा मनुष्य सहजासहजी हार मानणारा नव्हता, हे आधीच दिसून आले होते. 1965 च्या युद्धात शत्रूच्या गोळीने त्यांच्या विमानाला मार बसला व त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. विमान सोडून उडी टाक, असे तुकडीच्या प्रमुखाने सांगितले असताही त्यांनी ते मोडके विमान आपल्या तळावर परत आणिले. त्याबद्दल त्यांस वायुसेना पदक मिळाले. पुढे 1971 च्या डिसेंबरात पुन्हा युद्ध झाले आणि 10 डिसेंबर रोजी त्यांचे सुखोई विमान पाकिस्तानच्या हद्दीत पाडले गेले. ते जिवंत सापडले. त्यांस रावळपिंडी येथे नेऊन एकांत कोठडीत ठेविले. तेथे आपले आणखीही वैमानिक कैदेत होते. कोणाचे पाय मोडलेले, कोणाच्या पाठीचा कणा दुखावलेला.

युद्ध काही दिवसांतच संपले. आपल्या ताब्यात तिकडचे सुमारे 93,000 कैदी होते. 2 जुलै 1972 रोजी सिमला येथे दोन्ही देशांनी करार केला, तरी कैद्यांची अदलाबदल काही होईना. दिवस जात होते. कैदेतील सर्वांत मोठे दुःख मार किंवा भूक हे नसून, आपली आठवण कोणास उरली आहे की नाही ही शंका होय, असे आम्हांस वाटते. योसेफाची हकीकत पाहा. प्यालेबरदाराने सुटून गेल्यावर त्याची आठवण ठेविली नाही, आणि योसेफ आणखी दोन वर्षे तुरुंगात राहिला. ती दोन वर्षे त्याने कशी काढिली ह्याविषयी उत्पत्तीच्या पुस्तकात एक अक्षरही नाही.

पारुळकरांनी स्वस्थ बसण्याचे नाकारिले. मालविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी हे दोघे सोबती त्यांस मिळाले. परंतु ह्या गोष्टीत आम्हांस विशेष मोलाचे वाटते ते हे की, हे तिघे आपल्याच मनाने निघाले नाहीत. छावणीतील सर्वांत वरिष्ठ अधिकारी विंग कमांडर कोएल्हो हे होते. तिघे पळाले तर मागे राहणाऱ्यांवर, विशेषतः जखमींवर, राग निघेल ही काळजी साधी नव्हती. तरीही शेवटी संमती मिळाली. जे स्वतः जाऊ शकत नव्हते त्यांनीही हातभार लाविला. कैद्यांना दरमहा मिळणाऱ्या अल्पशा भत्त्यातून पैसे शिल्लक टाकिले गेले. एक सुई चुंबकीय करून तिचे होकायंत्र बनविले गेले. शाळेतील मुले वापरतात तसल्या नकाशांच्या पुस्तकावरून वाट ठरली : रावळपिंडीहून पेशावर, तेथून खैबर खिंडीतून अफगाणिस्तान.

राहिली भिंत. कोठडीच्या मागल्या भिंतीतील विटा रात्री एक एक करून सैल करावयाच्या, पहाऱ्याच्या वेळी आवाज होऊ द्यावयाचा नाही, आणि दिवसा भिंत जशीच्या तशी दिसली पाहिजे. ज्यांनी मातीचे घर स्वतः बांधिले आहे त्यांस हे काम किती चिकाटीचे आहे हे सांगावयास नको. जुलैच्या अखेरीस सर्व विटा निघाल्या, म्हणून एका रात्री ते निघावयास सिद्ध झाले. तो बाहेरच्या अंगास असलेला सिमेंटचा गिलावा काही केल्या फुटेना. आत विटा निघालेल्या, बाहेर उजाडावयास आलेले. सर्व पुन्हा जागच्या जागी बसवून त्यांस आपल्या खाटांवर जाऊन पडावे लागले.

आम्हांस ही रात्र पुढच्या रात्रीपेक्षा मोठी वाटते. पळून जाण्याच्या रात्री भय असते, पण अंगात बळही येते. आठवड्यामागून आठवडे केलेली मेहनत एका बोटभर जाडीच्या गिलाव्यापाशी थांबली म्हणजे मनुष्य म्हणतो, देवाच्याच मनात नाही. ह्या वाक्यात भक्ती किती आणि थकवा किती, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. त्या तिघांनी आणखी सुमारे दोन आठवडे वाट पाहिली. 12 ऑगस्ट 1972 च्या रात्री वादळ उठले. त्या वादळात गिलावा फोडून ते बाहेर पडले, आवाराची भिंत ओलांडून रस्त्यावर आले आणि लोकांत मिसळून गेले.

युद्धकैद्यांना कसे वागवावे हे सांगणारा जिनिव्हाचा करारही 12 ऑगस्ट ह्याच तारखेचा आहे, सन 1949 चा. त्या कराराप्रमाणे पकडलेल्या शिपायाने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख व क्रमांक एवढेच सांगावयास तो बांधलेला असतो. त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला व तो फसला, तरी त्यास गुन्हेगार समजून मोठी शिक्षा देता येत नाही. शिस्तभंगाची शिक्षाच काय ती देता येते, आणि तीही 30 दिवसांहून अधिक नाही. म्हणजे बंदिवानाने मोकळे होऊ पाहावे, हे त्याला पकडणाऱ्या राष्ट्रांनीही मान्य केले आहे.

ह्यावर आपले काही उपदेशक बंधू विचारतील की, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन असावे असे शिकविले आहे, मग तुरुंगातून पळणे शास्त्रास धरून कसे? प्रश्न योग्य आहे, परंतु त्याला एकच उत्तर नाही. दिमिष्कात पौलाला पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडिले, आणि तो पळाला. पेत्राला दूताने तुरुंगाबाहेर काढिले, आणि तो निघून गेला. फिलिप्पैस मात्र दारे उघडली असता पौल जागचा हलला नाही. एकाच मनुष्याने एकदा पळावे आणि एकदा राहावे, ह्यात विसंगती नाही. फिलिप्पैस तो निघून गेला असता तर एका मनुष्याचा प्राण गेला असता. त्याकडे आपण पुढे येऊच.

तिघे बसमध्ये बसून पहाटे पेशावरास पोहोचले, आणि तेथून खैबर खिंडीत लंडी कोतल येथे. तो 13 ऑगस्टचा दिवस, वार रविवार. अफगाणिस्तानची सीमा तेथून अवघ्या चार मैलांवर राहिली होती. नकाशात पुढे लंडी खाना नावाचे रेल्वे स्थानक दाखविले होते, म्हणून त्यांनी चहाच्या दुकानाशी तेथे जाण्याची वाट विचारिली. ते स्थानक इंग्रजांनी 1932 सालीच बंद केले होते! चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाची वाट विचारणारे हे लोक कोण, असा तेथील तहसीलच्या एका लेखनिकास संशय आला. बांगलादेश नुकताच स्वतंत्र झाला होता, आणि पाकिस्तानात अडकलेले बंगाली ह्याच खिंडीतून निसटत असत. तसलेच हे असावेत असे त्यास वाटले. तिघे पकडले गेले.

त्यांनी आपली खरी नावे सांगितली नाहीत. पारुळकरांनी आपले नाव फिलिप पीटर असे सांगितले, सिंहजींनी हॅरॉल्ड जेकब, ग्रेवालांनी अली अमीर. म्हणजे तिघांपैकी दोघांनी संकटात आपल्या लोकांच्या नावांचा आडोसा घेतला. फिलिप्प, पेत्र आणि याकोब ही नावे आपल्या प्रत्येक गावातील हजेरीपटात आहेत. पाकिस्तानात गरीब ख्रिस्ती लोक पुष्कळ; अशा मनुष्याकडे कोणी फार निरखून पाहत नाही, हेच त्या नावाचे बळ. हे वाचून आम्हांस हसू आले आणि थोडे लागलेही. खोट्या नावाविषयी ज्यांच्या मनाला टोचणी लागेल त्यांस आम्ही दोष देत नाही. पण याकोबानेही आपल्या आंधळ्या बापापुढे एसावाचे नाव सांगितले होते, आणि पुष्कळ वर्षांनी यब्बोकाच्या उतारापाशी त्यास नाव विचारले गेले तेव्हाच त्याच्या तोंडून खरे नाव निघाले. दावीदाने आखीश राजापुढे वेडाचे सोंग केले. शास्त्र ह्या गोष्टी झाकून ठेवीत नाही व त्यांची शिफारसही करीत नाही. आम्हीही तसेच करू.

लंडी कोतल येथे त्यांच्या जिवाला धोका होता. तेव्हा पारुळकरांनी एक विलक्षण मागणी केली. हवाई दलाच्या सेनापतीच्या कार्यालयाशी आपले टेलिफोनवर बोलणे करून द्यावे, असे त्यांनी म्हटले. स्क्वॉड्रन लीडर उस्मान नावाचे एक अधिकारी पूर्वी रावळपिंडीच्या छावणीचे प्रमुख होते, आणि ते आता त्या कार्यालयात होते. त्यांची वागणूक कैद्यांशी नेहमी सभ्यपणाची असे. फोन लागला. बोलणारा कोण आहे हे उस्मान ह्यांस कळले. नाकारावयाचे म्हटले असते तर तेवढेच पुरे होते, आणि त्या डोंगराळ मुलखात पुढे काय झाले हे कोणी विचारिले नसते. परंतु ही आपलीच माणसे आहेत, त्यांस सुरक्षित ठेवावे, असे त्यांनी तेथील अधिकाऱ्यास सांगितले.

येथे आम्हांस फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक आठवतो. उजेड आणवून ज्याने बंदिवानांच्या जखमा धुतल्या व आपल्या घरी त्यांस जेवू घातले, तोही शत्रूचाच नोकर होता. शत्रूच्या छावणीत देवाने आपली माणसे कोठे ठेविली आहेत हे बंदिवानास ठाऊक नसते. पारुळकरांनी त्या मनुष्याची मागची वागणूक लक्षात ठेविली होती, म्हणूनच ऐन वेळी त्यांस कोणाचे नाव घ्यावे हे सुचले. अंतःकरण द्वेषाने भरून टाकणाऱ्या कैद्याला असा मनुष्य आठवला नसता.

तिघांस परत नेऊन एकांतात ठेविले, आणि ज्यास आता फैसलाबाद म्हणतात त्या लायलपूरच्या तुरुंगात पाठविले. मागे राहिलेले सोबतीही तेथेच आणिले गेले. अखेर 1 डिसेंबर 1972 रोजी ते सर्व वाघा येथे सीमा ओलांडून मायदेशी आले. चार मैल राहिले असताना पकडले गेलेल्या ह्या प्रयत्नास पराभव म्हणावे काय? सरकारने तसे म्हटले नाही. पारुळकरांस त्याबद्दल विशिष्ट सेवा पदक दिले. ते ग्रुप कॅप्टन ह्या हुद्द्यापर्यंत चढले आणि 10 ऑगस्ट 2025 रोजी वारले.

आता यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या मंडळ्यांकडे वळतो. दारव्हा, राळेगाव, केळापूर, वणी ह्या बाजूंस बंदिवास म्हणजे काय हे समजावयास खैबर खिंडीपर्यंत जावे लागत नाही. मृगाने हुलकावणी दिली, दुबार पेरणी झाली, बोंडअळीने कपाशी खाल्ली, आणि बियाणे-खताची उधारी तशीच राहिली, म्हणजे शेतकरी आपल्याच घरात कैदी होतो. 1 जुलै 2006 रोजी त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. आणि ती का जाहीर करावी लागली हे येथील प्रत्येक गावाला ठाऊक आहे. कर्ज म्हणजे युद्धकैद नव्हे, ही तुलना आम्ही फार ताणीत नाही. शिपायाला आपली कैद मानाची वाटते; कर्जदार शेतकऱ्याला लाज वाटते. पण म्हणूनच त्याची कोठडी अधिक एकांताची असते. शिपाई भिंतीच्या पलीकडच्या सोबत्याशी बोलावयास धडपडतो. शेतकरी एकाच खोलीत बायकोलाही सांगत नाही की सावकार काल बांधावर येऊन गेला.

फिलिप्पैच्या त्या रात्री निराश झालेला मनुष्य बंदिवान नव्हता, हे आपण नीट पाहिले आहे काय? निराश झाला तो बंदिशाळेचा नायक. दारे उघडी पाहून कैदी पळाले असे त्यास वाटले. आता आपण वरिष्ठांस काय तोंड दाखवावे, ह्या एका विचाराने त्याने तरवार उपसली. जे घडलेच नव्हते त्याच्या लाजेने तो मरावयास निघाला होता. आणि अंधारातून पौल मोठ्याने ओरडला, की स्वतःस काही करून घेऊ नकोस, आम्ही सर्व येथेच आहोत. पौलाच्या पाठीचे रक्त तेव्हा सुकले नव्हते. त्याने नायकास उपदेश नंतर केला. आधी ओरडून त्याचा हात थांबविला. पौल तुरुंगातच का राहिला, ह्या मागच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

आमचे उपदेशक बंधुहो, आपल्या सेवेचा पुष्कळ भाग ह्या ओरडण्यात आहे. कापूस विकून झाल्यावर जो भाऊ चार रविवार मंदिरात आला नाही, त्याच्या घरी जा. शास्त्रपाठ झोळीत असू द्या, पण प्रथम बसा, पाणी प्या, आणि किती देणे आहे हे सरळ विचारा. आकडा एकदा तोंडातून निघाला म्हणजे पहिली वीट निघाली. सावकार परवान्यावाचून व्यवहार करीत असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 ह्याप्रमाणे तो गुन्हा आहे. आणि अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करिता येतो. हे आपण शिकून घ्यावे व अर्ज लिहून देण्यास मदत करावी. मन फारच खचले आहे असे दिसल्यास त्या मनुष्यास एकटे सोडू नये. 14416 ह्या सरकारी क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते. तो क्रमांक मंदिराच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. वरिष्ठांनी ह्यास धर्मकार्य म्हटले नाही तरी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट त्या अध्यायाच्या शेवटी आहे, ती वाचावयाची आपण बहुधा सोडून देतो. सकाळी नगराधिकाऱ्यांनी निरोप पाठविला की, ह्या माणसांना सोडून द्या. दुसरा कोणी असता तर आभार मानून निघाला असता. पौलाने जाण्याचे नाकारिले. चौकशीवाचून आम्हांस सर्वांदेखत मारिले, आणि आता गुपचूप घालवून देता काय? अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे त्याने कळविले. आणि ते आले. हा गर्व नव्हे. ज्या नवीन मंडळीला मागे सोडून तो जाणार होता, तिच्यावर चोराची मंडळी असा डाग राहू नये म्हणून त्याने हा हट्ट धरिला, असे आम्ही समजतो. पीकविम्याच्या किंवा बँकेच्या खिडकीपुढे उभे राहताना आपल्या लोकांची मान फार लवकर खाली जाते. नम्रता वेगळी आणि भिऊन वाकणे वेगळे. ज्याचे जे हक्काचे आहे ते त्याने उभे राहून, सभ्य शब्दांत, पावतीसह मागावे.

येत्या रविवारी हा अध्याय सोळाव्या वचनापासून अखेरपर्यंत, मध्ये काही न गाळता वाचावा, अशी आम्ही सर्व मंडळ्यांस विनंती करितो. प्रार्थनेच्या वेळी त्यांचीही आठवण ठेवावी, जे कधी परत आलेच नाहीत. आपल्या सैन्यातील 54 जण युद्धात बेपत्ता झाले व ते पाकिस्तानच्या कैदेत असावेत असे भारत सरकार वर्षानुवर्षे सांगत आले. पाकिस्तानने ते कधी मान्य केले नाही. त्यांच्या घरच्यांनी वाघ्याकडे डोळे लावून किती डिसेंबर काढिले असतील. त्यांच्या आईबापांपैकी पुष्कळ जण आता ह्या जगात नाहीत. बायका म्हाताऱ्या झाल्या, मुले आजोबा झाली. त्यांची नावे आपणांस ठाऊक नसली तरी देवाला ठाऊक आहेत. तेव्हा नावे न घेता, थोडा वेळ स्तब्ध उभे राहून, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.